शुक्राचा दिवस आणि शुक्राचा नकाशा

सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस झळकणारी शुक्राची चांदणी सर्वांच्या परिचयाची आहे. शहरातील दिव्यांच्या उजेडातही ती लपत नाही. आकाराने हा ग्रह पृथ्वीच्या फार जवळचा आहे. पृथ्वीची त्रिज्या सरासरी ६,३७१ किलोमीटर, तर शुक्राची ६,०५२ किलोमीटर. पृथ्वीवर दहा किलो भरणारी वस्तू तेथील ताणकाट्यावर सुमारे नऊ किलो भरेल. हे साम्य पाहून, माणसाच्या वस्तीस योग्य असा दुसरा ग्रह घडवावयाचा झाल्यास तो शुक्रच का नसावा, असा प्रश्न अनेक विचारवंतांच्या मनात आला. परक्या ग्रहास पृथ्वीसारखा करण्याच्या ह्या उद्योगास ‘पृथ्वीकरण’ म्हणता येईल.

साम्य मात्र येथेच संपते. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सियस आहे. त्या उष्णतेत शिसे वितळते. तेथील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या ९० पटींहून अधिक असून त्या हवेत शंभरांतील ९६ हून अधिक भाग कार्बन डायऑक्साइडचा आहे. १९८२ साली उतरलेले सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-१३ हे यान तेथे १२७ मिनिटे कार्यरत राहिले, हाच मोठा पराक्रम गणला गेला. ह्या उष्णतेबरोबर आणि दाबाबरोबर तिसरीही एक अडचण सांगितली जाते. ती म्हणजे शुक्राचा लांबलचक दिवस. तो लहान करण्यासाठी सबंध ग्रहालाच अधिक वेगाने फिरवावे, अशा योजना गंभीरपणे मांडल्या गेल्या आहेत. ह्या योजना गणिताच्या दृष्टीने अशक्य नसल्या तरी त्यांची दिशा चुकलेली आहे, आणि ती चूक नकाशा काढावयास बसताच स्पष्ट होते, असे ह्या पुस्तिकेचे प्रतिपादन आहे.

संथ ग्रह

शुक्राचा दिवस किती मोठा, हे कळण्यास दुर्बिणीच्या शोधानंतर साडेतीनशे वर्षे लागली. १६६६-६७ च्या सुमारास कासिनी ह्या ज्योतिर्विदाने शुक्रबिंबावरील अंधुक डाग पाहून तो ग्रह सुमारे एका दिवसात स्वतःभोवती फिरतो असे अनुमान केले. १८९० साली स्कियापारेली ह्याने नेमके उलट मत दिले. त्याच्या मते शुक्र सूर्याभोवती जितक्या काळात फिरतो, तितक्याच काळात, म्हणजे सुमारे २२५ दिवसांत, स्वतःभोवती फिरतो. दोघेही निष्णात निरीक्षक होते आणि दोघेही चुकले, कारण दोघांना दिसत होते ते ढगच. त्या ढगांचा पडदा कायमचा आहे आणि डोळ्यांना त्यातून पलीकडचे काहीच दिसत नाही.

रडारच्या लहरींना मात्र तो पडदा अडवू शकत नाही. १९६१ साली शुक्रावरून परतलेल्या रडारलहरी स्पष्टपणे पकडण्यात यश आले आणि १९६२ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथून केलेल्या निरीक्षणांनी उत्तर दिले. शुक्र स्वतःभोवती एक फेरी सुमारे २४३ दिवसांत पुरी करतो, आणि तीही उलट दिशेने. तेथे सूर्य पश्चिमेस उगवतो व पूर्वेस मावळतो. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीवरील सुमारे ११७ दिवस लोटतात. म्हणजे सुमारे ५८ दिवस सलग उजेड आणि तितकेच दिवस सलग अंधार. पृथ्वीच्या विषुववृत्तावरील माणूस परिवलनामुळे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने वाहून नेला जातो. शुक्राच्या विषुववृत्तावर हाच वेग ताशी साडेसहा किलोमीटर आहे; झपाझप पावले टाकणारा मनुष्य त्या ग्रहाच्या बरोबरीने चालू शकेल.

हा संथपणा आकस्मिक नाही. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे शुक्राच्या घन गोळ्यावर जी भरती येते, ती परिवलनास सूर्याशी जखडू पाहते. उलटपक्षी, सूर्याच्या उष्णतेमुळे तेथील दाट वातावरणात जी भरती उठते, ती ग्रहाला त्या बंधनापासून दूर ढकलते. ह्या दोहोंच्या तोलातून आजचे परिवलन टिकून आहे, हा विचार गोल्ड व सोटर ह्या शास्त्रज्ञांनी १९६९ साली मांडला. तो बराचसा खरा असल्यास शुक्राची हवा आणि शुक्राचा दिवस ह्या दोन स्वतंत्र गोष्टी राहत नाहीत. एकीला हात लावला की दुसरी हलणारच.

दिवस लहान करण्याच्या योजना

ग्रहांना वस्तीयोग्य करण्याची कल्पना प्रथम कथाकारांनी रंगवली. पृथ्वीकरणाला इंग्रजीत रूढ असलेला शब्द जॅक विल्यमसन ह्या लेखकाच्या १९४२ सालच्या एका कथेतून आला. १९६१ साली कार्ल सेगन ह्यांनी शुक्राच्या ढगांत सूक्ष्म शैवाल पेरून तेथील हवा पालटण्याची सूचना शास्त्रीय नियतकालिकातून केली. १९६६ साली फ्रीमन डायसन ह्यांनी ग्रहाभोवती विद्युत्‌वाहक तारांचे जाळे गुंडाळून त्याला मोटारीच्या चाकाप्रमाणे गती देण्याचा मार्ग वर्णिला. अर्थात त्यांचा हेतू ग्रहावर वस्ती करण्याचा नव्हता. फिरवून फिरवून ग्रहाचे तुकडे करता येतील काय, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे ब्रिटनमधील पॉल बर्च ह्यांनी १९९१ साली शुक्र लवकर थंड करण्याची योजना आणि १९९३ साली वेगवान वस्तूंच्या प्रवाहाच्या साह्याने ग्रह फिरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

ह्या मंडळींचा मुद्दा समजून घेणे न्याय्य होईल. पृथ्वीवरील बहुतेक पिके, पशुपक्षी आणि मानवी शरीर चोवीस तासांच्या तालावर घडलेले आहेत. अठ्ठावन्न दिवसांच्या रात्रीत गहू किंवा भात तग धरणार नाही. दिवसाच्या बाजूस भयंकर उष्मा आणि रात्रीच्या बाजूस गोठवणारा गारठा पडेल, अशी भीतीही वाटते. तेव्हा आधी परिवलन सुधारावे आणि मग बाकीचे पाहावे, हे म्हणणे वरवर पाहता समंजस दिसते. म्हणूनच त्याची तपासणी कसोशीने केली पाहिजे.

ऊर्जेचा हिशेब

शुक्राला चोवीस तासांत एक फेरी करावयास लावण्यासाठी जी ऊर्जा लागेल, तिचा अंदाज त्याचे वस्तुमान, त्रिज्या आणि त्याच्या अंतर्भागातील द्रव्याची मांडणी ह्यांवरून काढता येतो. ही ऊर्जा इतकी आहे की, शुक्रावर पडणारे सारे ऊन, एक किरणही वाया न घालवता, केवळ ह्याच कामी लावले तरी सुमारे १७ हजार वर्षे लागतील. अलीकडच्या काळात सर्व मानवजात मिळून वर्षाला जितकी ऊर्जा वापरते, त्या दराने हे काम पुरे व्हावयास सुमारे २६ कोटी वर्षे पाहिजेत.

ह्यावर उपाय म्हणून लघुग्रहांचा मारा सुचवण्यात येतो. भोवऱ्याला बाजूने टिचकी मारावी त्याप्रमाणे आकाशातील धोंडे ग्रहाच्या कडेवर तिरके आपटावेत, म्हणजे तो फिरू लागेल, ही त्यामागील कल्पना. सेकंदास २० किलोमीटर वेगाने येणारे धोंडे बरोबर विषुववृत्ताच्या कडेस घासून आदळले आणि त्यांचा सारा कोनीय संवेग ग्रहास मिळाला, असे धरून चालू. तरीदेखील लागणारे द्रव्य चंद्राच्या वस्तुमानाच्या जवळजवळ निम्मे भरते. मंगळ व गुरू ह्यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील एकूण एक लघुग्रह गोळा केले तरी ह्या गरजेचा पंधरावा हिस्साच पुरा होतो.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अशा आघातातील ऊर्जेचा जेमतेम चाळिसावा भाग परिवलनाच्या उपयोगी पडतो. उरलेल्याची उष्णता होते. ती उष्णता सबंध ग्रहात सारखी वाटली गेली, असे मानले तरी त्याचे तापमान हजार अंशांहून अधिक वाढेल. आणि प्रत्यक्षात ती बहुतांशी वरच्या थरातच राहील. दिवस लहान झाला खरा, पण तो उजाडेल तो वितळलेल्या खडकांच्या समुद्रावर. घर थंड करण्यासाठी त्यास आग लावण्यासारखाच हा प्रकार होय.

विजेने किंवा प्रवाहांनी हळूहळू फिरवण्याच्या पद्धतींना हा दोष लागत नाही. त्यांना ऊर्जा आणि काळ हवा, आणि दूरच्या भविष्यकाळातील मनुष्यापाशी ह्या दोन्ही गोष्टी असू शकतील. म्हणून केवळ खर्च अफाट आहे एवढ्यावर वाद संपवणे बरोबर नाही. हाती काय येणार, हे पाहिले पाहिजे, आणि ते पाहण्याचे साधन म्हणजे नकाशा.

प्रत्येक नकाशात परिवलन दडलेले असते

शाळेच्या भिंतीवरील नकाशात परिवलनाचा उल्लेख कोठेच नसतो. तरी नकाशातील प्रत्येक उंचीच्या आकड्यात ते दडलेले असते. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्तानजीकच्या कायेन येथे गेला तेव्हा पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पृथ्वी फिरत असल्यामुळे विषुववृत्ताशी फुगलेली व ध्रुवांशी चपटी असली पाहिजे, आणि म्हणून विषुववृत्तापाशी गुरुत्वाकर्षण थोडे उणे पडते, असा खुलासा न्यूटनने केला. अठराव्या शतकात एक फ्रेंच तुकडी पेरूकडे आणि दुसरी लॅपलंडकडे मोजणीस गेली. त्यांच्या मोजणीने न्यूटनचे म्हणणे खरे ठरले. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरांनी मोठी आहे.

भारताच्या भूमापनाचा पायाही हाच आहे. १८०२ साली लॅम्बटन ह्याने मद्रासेपासून जी महान त्रिकोणमितीय मोजणी आरंभली आणि जॉर्ज एव्हरेस्टने पुढे चालवली, तिच्यासाठी पूर्ण गोल पृथ्वी उपयोगाची नव्हती. १८३० साली एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जाणारा चपटा गोलाभ गणितास घेण्यात आला आणि दीर्घकाळ भारतातील नकाशे त्यावरच आखले गेले. हा चपटेपणा चोवीस तासांच्या दिवसाचा परिणाम असल्याने हे नकाशेही चोवीस तासांच्या पृथ्वीचे नकाशे होत.

एक उदाहरण पुरे आहे. समुद्रसपाटीपासून मोजल्यास जगातील सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट, ८,८४९ मीटर. परंतु पृथ्वीच्या केंद्रापासून मोजल्यास पहिला मान दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या चिंबोराझोकडे जातो, कारण ते विषुववृत्ताच्या फुगवट्यावर उभे आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची केवळ ६,२६३ मीटर असूनही त्याचा माथा केंद्रापासून एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर आहे. उद्या पृथ्वी फिरावयाची थांबली तर समुद्राचे पाणी फुगवट्यावरून ओसरून ध्रुवांकडे जाईल आणि ह्या दोन्ही शिखरांच्या उंचीचे आकडे पुसून नवे लिहावे लागतील. ‘समुद्रसपाटी’ ह्या शब्दात सपाट असे काही नाही. गुरुत्वाकर्षण आणि परिवलन ह्यांनी मिळून ठरवलेला तो एक वाकडा पृष्ठभाग आहे.

वेगवान शुक्राचा नकाशा

आता शुक्राकडे वळू. संथपणामुळे तो जवळजवळ पूर्ण गोल आहे. विषुववृत्ताशी फुगवटा असा नाहीच. १९९० ते १९९४ ह्या काळात अमेरिकेच्या मॅगेलन यानाने रडारच्या साह्याने त्याच्या ९८ टक्के भूभागाची चित्रे घेतली आणि बहुतेक भागाच्या उंच्याही मोजल्या. ह्या मोजणीतून असे दिसते की शुक्राचा सुमारे चार-पंचमांश पृष्ठभाग सरासरी पातळीच्या वर-खाली एक किलोमीटरच्या आतच आहे. उंच प्रदेश थोडे आहेत. उत्तरेस इश्तार टेरा आहे. तिच्यावर भारतीय देवतेचे नाव लाभलेले लक्ष्मी प्लेनम हे पठार आणि सुमारे ११ किलोमीटर उंचीचे मॅक्सवेल पर्वत आहेत. विषुववृत्ताच्या बाजूने पसरलेली अॅफ्रोडाइट टेरा आफ्रिका खंडाची आठवण करून देते.

ह्या उंच्या घेऊन शुक्रावर समुद्र भरला तर काय दिसेल, असे नकाशे हौसेने काढले जातात. खोल भागास निळा रंग, उंच भागास हिरवा; उत्तरेस एक खंड, मध्यावर दुसरा. चित्र मोहक असते. त्याच्याखाली जर ‘दिवस चोवीस तासांचा’ असे लिहिले असेल, तर मात्र ते चित्र चुकीचे आहे. त्यातील समुद्रसपाटी संथ शुक्राची आहे आणि दिवस वेगवान शुक्राचा आहे. ह्या दोन गोष्टी एका कागदावर एकत्र राहू शकत नाहीत.

खरे चित्र काय असेल, हे साध्या गणितानेही पाहता येते. शुक्राचा घन गोळा अद्याप गोल राहिला आहे आणि तो चोवीस तासांत एक फेरी करू लागला आहे, असे मानावे. मग पाण्याचा पृष्ठभाग ध्रुवांपेक्षा विषुववृत्ताशी सुमारे ११ किलोमीटरांनी उंच राहील. म्हणजे मॅक्सवेल पर्वताच्या उंचीइतका. ज्या ग्रहावरील बहुतेक जमीन एका किलोमीटरच्या चढउतारात मावते, तेथे ११ किलोमीटरांचा हा फरक सर्व टेकड्या-दऱ्यांना गिळून टाकील. सबंध ग्रहावर सारखे पसरले तर तीन किलोमीटर खोल होईल, इतके पाणी कोठून तरी आणले असे धरल्यास आणि भूपृष्ठाचे चढउतार क्षणभर बाजूस ठेवल्यास, विषुववृत्तापाशी समुद्र सुमारे सहा किलोमीटर खोल होईल आणि दोन्ही गोलार्धांत सुमारे ४८ अंश अक्षांशांच्या पलीकडे थेंबभरही पाणी उरणार नाही.

मोहक नकाशातील दोन खंडांची मग काय स्थिती होते? अॅफ्रोडाइट टेराचा बहुतेक भाग बुडतो. विषुववृत्ताजवळचा माट मॉन्स हा ज्वालामुखी सरासरी पातळीपेक्षा सुमारे आठ किलोमीटर उंच असल्यामुळे त्याचा माथा तेवढा एखाद्या बेटासारखा वर राहतो. उत्तरेकडील इश्तार टेरा बुडत नाही, पण तिला किनाराही उरत नाही. शेकडो किलोमीटर दक्षिणेस मागे हटलेल्या समुद्राकडे पाठ करून ती एका प्रचंड कोरड्या प्रदेशात उभी राहते. ज्या किनाऱ्यांवर नगरे वसवण्याची स्वप्ने रंगवली, ते किनारेच नाहीसे होतात.

हेही चित्र टिकाऊ नाही. ग्रहाचा अंतर्भाग दीर्घकाळाच्या हिशेबाने मऊ असतो. वेगाने फिरणारा गोळा हळूहळू स्वतः चपटा होऊ लागेल. पूर्ण चपटा झाल्यावर शुक्राच्या दोन त्रिज्यांत पृथ्वीप्रमाणेच सुमारे २१ किलोमीटरांचा फरक पडेल आणि विषुववृत्ताचा घेर सुमारे ४५ किलोमीटरांनी वाढेल. कवच ताणल्यावाचून आणि फाटल्यावाचून हे घडणार नाही. भूकंप, भेगा आणि ज्वालामुखी ह्यांचे ते युग असेल, आणि ते लवकर सरणार नाही. पृथ्वीवरील शेवटच्या मोठ्या हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरून सुमारे दहा हजार वर्षे लोटली, तरी स्कँडिनेव्हियाचा काही भाग अजूनही वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर ह्या गतीने वर येत आहे. एका हिमथराने दाबलेली जमीन सावरावयास एवढा काळ लागतो, तर सबंध ग्रहाची बैठक बदलल्यावर किती पिढ्यांनी स्थिर जमिनीची वाट पाहावी? त्या काळात आज काढलेला किनारा उद्या खरा राहणार नाही.

शुक्राच्या नकाशावर बहुतेक नावे स्त्रियांची आहेत. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव तेथील एका विवरास दिलेले आहे. पंडिता रमाबाईंचे ‘मेधावी’ हे आडनाव दुसऱ्या विवराला, तर डॉ. जेरुशा झिराड ह्यांचे नाव तिसऱ्याला लाभले आहे. आनंदीबाईंचे विवर विषुववृत्तापासून फार दूर नाही. वरच्या हिशेबाप्रमाणे ते कित्येक किलोमीटर पाण्याखाली जाईल. ह्या एका विवराचे काय होणार, एवढे सांगण्याइतकीही पूर्वतयारी नसलेली योजना सबंध ग्रहाचे भवितव्य ठरवू पाहते, हे विसरता येत नाही.

संथपणाचा उपयोग

इतके करून ज्या संथपणाला दोष दिला जातो, तोच कदाचित गुण ठरावा. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या गणिती प्रतिमानांत असे आढळले की संथ फिरणाऱ्या ओल्या ग्रहावर सूर्यासमोरच्या बाजूस हवा दीर्घकाळ वर चढत राहते आणि तेथे दाट ढगांचे छत्र तयार होते. हे छत्र ऊन परतवून लावते. त्यामुळे असा ग्रह पृथ्वीला मिळणाऱ्या उन्हाच्या जवळजवळ दुप्पट ऊन सोसूनही सौम्य राहू शकतो. शुक्राला मिळणारे ऊन पृथ्वीच्या सुमारे १.९ पट आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

२०१६ साली मायकेल वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन शुक्रावर उथळ समुद्र होता असे धरून आणि मॅगेलनने मोजलेल्या उंच्या घेऊन तेथील हवामानाचे गणित केले. परिवलन आजच्याइतकेच संथ ठेवले तेव्हा हवामान सौम्य निघाले. परिवलन अनेक पटींनी वाढवले तेव्हा ते स्पष्टपणे अधिक उष्ण झाले. ही प्रतिमाने आहेत, प्रत्यक्ष अनुभव नव्हे. त्यांची गृहीतके उद्या सुधारली जातील. तरी त्यांचा इशारा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शुक्राला पृथ्वीसारखा वेग देणारा मनुष्य त्याच्या डोक्यावरची छत्री काढून घेत असेल.

मग अठ्ठावन्न दिवसांच्या रात्रीचे काय? ह्याचे उत्तर पृथ्वीवरच मिळते. नॉर्वेतील ट्रॉम्सो नगरात उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यातही कित्येक आठवडे तो उगवत नाही. तेथे घरे आहेत, शाळा आहेत, विद्यापीठ आहे. लोकांनी त्यासाठी पृथ्वीचा अक्ष वळवला नाही. दिवे लावले, खिडक्यांना जाड पडदे लावले. स्वतः बर्च ह्यांनी १९९१ च्या योजनेत सूर्याच्या बाजूस छत आणि कक्षेत आरसा ठेवून शुक्रावर चोवीस तासांचा दिनक्रम आणण्याचा मार्ग दाखवला होता. असे छत आणि असा आरसा उभारणे ही लहान गोष्ट नाही. पण आरसा नको झाला तर वळवता येतो. फिरवलेला ग्रह परत थांबवता येत नाही. जे उलटवता येत नाही ते सर्वांत शेवटी करावे, हा शहाणपणाचा नियम जमिनीवर जितका खरा, तितकाच आकाशातही खरा आहे.

आधी मोजणी

ग्रह बदलण्याच्या गोष्टी होत असताना त्याची ओळख किती अपुरी आहे, ह्याचा विसर पडतो. मॅगेलनच्या नकाशावरील खुणा व्हीनस एक्सप्रेस ह्या युरोपीय यानाने पाहिल्या तेव्हा काही खुणा अपेक्षित जागेपासून २० किलोमीटरपर्यंत सरकलेल्या आढळल्या. हे २०१२ साली जाहीर झाले. परिवलनकाळाच्या आकड्यात काही मिनिटांचा फरक होता, आणि तेवढ्यानेच नकाशावरील रेखांश ढळले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या रडार-मोजणीत सरासरी परिवलनकाळ २४३.०२२६ दिवस निघाला. शिवाय तो स्थिर नसून दाट वातावरणाच्या ओढाताणीमुळे सुमारे वीस मिनिटांपर्यंत कमीजास्त होतो, असेही दिसले. २०२३ साली मॅगेलनच्याच जुन्या चित्रांची पुन्हा तुलना करताना, माट मॉन्सवरील एका मुखाचा आकार १९९१ मधील आठ महिन्यांत बदलल्याचे उघडकीस आले. जिवंत ज्वालामुखीचा तो पुरावा तीस वर्षे दप्तरात पडून होता.

म्हणून आजच्या पिढीचे काम शुक्राला फिरवण्याचे नाही, तो नीट मोजण्याचे आहे. अमेरिकेच्या व्हेरिटास आणि युरोपच्या एन्व्हिजन ह्या मोहिमांची निवड २०२१ साली झाली. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र-मोहिमेस मान्यता दिली. ढगांआडची जमीन अधिक बारकाईने पाहणे आणि तेथील हवेचा अभ्यास करणे, हे ह्या मोहिमांचे हेतू आहेत. लॅम्बटनच्या साखळीपासून रडारपर्यंत साधने पुष्कळ बदलली, पण आधी मोजणी आणि मग बांधकाम, हा क्रम बदलण्याचे कारण दिसत नाही.

ह्या विचाराचा पृथ्वीशीही संबंध आहे. ग्रहाचे परिवलन बदलणे ही केवळ दूरची कल्पना आहे असे कोणी समजू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९९३ ते २०१० ह्या काळात विहिरी व नलिकाकूपांतून उपसलेल्या भूजलामुळे पृथ्वीचा परिवलन-ध्रुव सुमारे ८० सेंटीमीटर सरकला, आणि ह्या उपशात वायव्य भारताचा वाटा मोठा आहे. येथे कोणी ध्रुव हलवण्याची योजना आखली नव्हती. शेतकऱ्याला फक्त पाणी हवे होते. सरकलेले अंतर अल्प आहे आणि त्यापासून भय नाही. परंतु जमिनीखालच्या पाण्याचा नकाशा हाती येण्याआधीच ते उपसले गेले, हे खरे भय आहे.

वेगवान शुक्राची योजना मांडणाऱ्याला म्हणून एकच मागणी करावी. त्याने यंत्राचे चित्र दाखवण्यापूर्वी नकाशा दाखवावा. त्या नकाशावर समुद्रसपाटी नव्या परिवलनाप्रमाणे आखलेली असावी. जमीन किती काळ हलत राहील हे लिहिलेले असावे. ढग कोठे जमतील व ऊन कोठे पडेल हे दाखवलेले असावे. विद्यार्थ्यांनाही हा अभ्यास करून पाहता येईल. शुक्राच्या उंच्यांचे तक्ते सर्वांना खुले आहेत आणि वर दिलेला हिशेब महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या गणिताबाहेरचा नाही. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने तो किनारा आखून पाहिला आणि दिवसाची लांबी बदलताच तो पुसला जाताना पाहिला, त्याला ग्रह फिरवण्याची घाई उरणार नाही.